संपलेली विणकामं, रत्नागिरी : जून २०२४ ते मार्च २०२५

९ जून २०२४

पाऊस लागला. आता हातात काय घ्यायचं ते चार महिने हवा ठरवणार. रत्नागिरीत राहून लोकरीचं विणते म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, कोणासाठी गो, इथे तर घाम पुसायला पंचा पुरत नाही. प्रश्न बरोबरच आहे पण उत्तर सोपंय, इथे बाळं जन्माला येतात, माणसं बोटीवर जातात आणि कलमं राखणारे पहाटे चारला उठतात, त्या सगळ्यांना लागतं.

या वहीत फक्त संपलेलं लिहायचं. आणि टाके बंद केले म्हणजे संपलं असं मी धरत नाही. धाग्यांची टोकं आत ओवली, धुतलं, वाळलं, बटणं लागली, ज्याचं त्याच्याकडे गेलं, मग संपलं. बाकी ठिकाणी वाळवणं म्हणजे एक दुपार असेल, आमच्याकडे जून ते सप्टेंबर तोच मुख्य उद्योग.

सध्या सुईवर बाळंतविड्याचा सेट आहे. नणंदेच्या मुलीला जुलैच्या शेवटी तारीख दिलीय.

२३ जून

बाळाचा स्वेटर विणून झाला (संपला नाही, वर बघा). चार पदरी ॲक्रिलिक बेबी लोकर, दहा नंबरच्या सुया. गळ्यापासून खाली, ६४ टाके घालून, पुढचा भाग १०, बाही १०, पाठ २०, बाही १०, पुढचा १०, आणि मधे चार टाके रॅगलानच्या म्हणजे गळ्यापासून काखेकडे जाणाऱ्या तिरक्या रेघांचे, त्या प्रत्येक रेघेच्या दोन्ही बाजूंना एक सुई (म्हणजे विणलेली एक ओळ) सोडून एकेक टाका वाढवत जायचं, म्हणजे एका वेळी आठ वाढतात. शिवण नावाला पण नाही, बाळाच्या काखेत शिवणीची गाठ आली की ते रडतं आणि मग सगळे म्हणतात लोकर टोचते.

जाळीची वीण घातली नाही. दिसते फार सुंदर, पण तान्ह्या बाळाची बोटं त्या भोकांत अडकतात. नुसतं सुलट, कडेला थोडी भरड वीण, बस.

ॲक्रिलिकवरून आईंशी (सासूबाई) थोडं झालं. त्या म्हणाल्या, अगो पहिलंच बाळ, चांगली खरी लोकर नाहीतर सुती घे, ते प्लॅस्टिक कशाला. मी म्हटलं, आई, बाळ दिवसातून चारदा ओकणार, ते धुऊन वाळणार कुठे? प्रमाण हवेत म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेला लोकर आपल्या वजनाच्या साधारण १६ टक्के ओल नुसती हवेतून घेते, सूत ८ च्या आसपास आणि ॲक्रिलिक जेमतेम दीड-दोन. आणि आमच्याकडे जुलैत हवा नव्वदीच्या घरात. सुती झबलं पडवीतल्या दांडीवर तीन दिवस लोंबतं आणि शेवटी त्याला वास येतो तो येतोच. ॲक्रिलिक मशीनमध्ये पिळून पंख्याखाली टाकलं की संध्याकाळी अंगात. आईंनी ऐकून घेतलं, पण टोपडं मात्र स्वतः सुती कापडाचं शिवलं, कुंची पण. शिवू देत, डोक्याला सूतच बरं.

मोज्यांना घोट्याशी भोकांची एक ओळ ठेवून नाडी ओवली, नाहीतर तान्ह्या बाळाच्या पायात मोजा राहतच नाही. गळ्याला मात्र नाडी अजिबात नाही, तिथे चपटी बटणं आणि तीही दुहेरी दोऱ्याने पक्की.

१६ जुलै

भाच्याच्या मोज्यांची लोकर आली एकदाची. पुण्याहून धाकटी जाऊ मुंबईला गेली होती ती येताना घेऊन येणार होती आणि नेमकी रविवारी दिवाणखवटीजवळ रुळावर दरड आली, कोकण रेल्वे बंद, ती तिकडेच अडकली, आणि मी इथे लोकरीची काळजी करतेय म्हटल्यावर नवरा म्हणाला आधी ती कशी आहे ते विचार. ती व्यवस्थित आहे, आज दुपारी पोचली, लोकर पिशवीत डबल प्लॅस्टिकमध्ये. शहाणी आहे.

लोकर : ७५ टक्के मेरिनो, २५ टक्के नायलॉन, सुपरवॉश, १०० ग्रॅमला ४०० मीटर, गडद निळी. इथे राम आळीत बेबी लोकर आणि जाड ॲक्रिलिक मिळतं, मोज्यांची बारीक लोकर कोणी ठेवत नाही, ठेवून करणार काय.

गंमत म्हणून लडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर १०६ ग्रॅम! दुकानदार उदार झाला असं नाही, ते जास्तीचे सहा ग्रॅम आमच्या हवेतलं पाणी. त्यामुळे दोन पायांसाठी वजनावर दोन भाग करायचे तर एकाच दिवशी, एकाच बैठकीत करायचे. आज पावसात एक भाग आणि उघडीप पडल्यावर दुसरा असं मोजलं तर एका पायाला लोकर कमी पडणार हे नक्की.

११ ऑगस्ट

बाळंतविडा संपला! बारशाला दिला, मुलगी झालीय. स्वेटर, मोजे, हातमोजे, टोपी. धुतला तेव्हा बाहेर मुसळधार, म्हणून उशीच्या अभ्र्यात घालून मशीनचा फक्त ड्रायर फिरवला, मग दोन खुर्च्यांच्या पाठीवर जुनी मच्छरदाणी ताणून बांधली आणि त्यावर आडवं पसरलं, वर पंखा फुल. टांगायचं नाही, ओलं विणकाम टांगलं की स्वतःच्या वजनाने लांब होतं आणि बाळाचा स्वेटर फ्रॉक होतो. इस्त्री तर ॲक्रिलिकला लावायचीच नाही, वाफ लागली की वीण मेलीच, लुळी पडते ती परत उठत नाही.

बारशाला एक काकू स्वेटर उलटा करून टोकं कशी ओवलीत ते बघत होत्या. अशी माणसं मला फार आवडतात.

३० ऑगस्ट

मोज्याचं माप. भाचा बोटीवर थर्ड ऑफिसर, सप्टेंबरच्या शेवटी परत जॉइन होणार, यावेळी बोट थंडीत नॉर्थ सीकडे आहे, त्याची रात्रीची वॉच ८ ते १२, ब्रिज (बोट जिथून चालवतात ती खोली) आतून गरम असतो पण बाहेर उघड्या विंगवर जाऊन उभं राहिलं की पायातून थंडी चढते म्हणतो. त्याला सरप्राइज द्यायचं म्हणून पाय मागता येत नव्हता. मग नणंदेला सांगितलं त्याच्या जुन्या सँडलचा फोटो नको, सँडलच आण. सँडलची लांबी घेऊन उपयोग नाही, ती पायापेक्षा मोठी असते. पण आतल्या तळव्यावर रोजच्या घामाने टाचेचा आणि पाचही बोटांचा काळा ठसा पडलेला असतो, त्या अंगठ्याच्या ठशाच्या टोकापासून टाचेच्या ठशाच्या कडेपर्यंत टेप लावला, २७ सेंटिमीटर. चवड्याचा घेर टेप गुंडाळून घेता येत नाही, तो ठशाच्या रुंदीवरून अंदाजे ९ इंच धरला.

मोजा पायाच्या घेरापेक्षा दहा टक्के कमी विणायचा, ताणून बसला तर घसरत नाही आणि बुटात चुणी पडत नाही. माझ्या हाताने इंचाला ८ टाके येतात, म्हणून ६४ टाके, ८ इंच. लांबी अंगठ्याच्या टोकाच्या ५ सेंटिमीटर अलीकडे थांबवून बोटांचा उतार सुरू.

सुया बांबूच्या. स्टीलच्या होत्या त्या आत्याने दिलेल्या, त्यांना खाऱ्या हवेने गंज धरला आणि गंजाचा ठिपका फिक्या लोकरीवर पडला की तो कायमचा, म्हणून त्या आता शोभेला. बांबू दमट हातात थोडा अडतो, टाका सरकायला कुरकुरतो, हाताला पावडर लावून बसते.

१० सप्टेंबर

गणपती. घर भरलंय, चाकरमानी सगळे आलेत, आज गौरी आल्या, विणायला वेळ कुठला असं वाटेल पण उलट याच दिवसांत मोजा पुढे सरकतो, कारण गप्पा मारताना हात रिकामे असतात. ठाण्याची पुतणी, अकरावीतली, मोबाइल बाजूला ठेवून शेजारी येऊन बसली आणि म्हणाली काकू टाच कशी वळते ते दाखव. दाखवलं.

टाचेची पट्टी ३२ टाक्यांवर, ३२ सुया, सुलट बाजूला एक टाका विणायचा एक नुसता उचलून घ्यायचा, त्याने मागे धागा दुहेरी पडतो आणि टाच लवकर झिजत नाही. मग वळण : १८ सुलट, दोनाचा एक, एक सुलट, आणि बाकीचे ११ तसेच सोडून उलटं फिरायचं. हे सोडून फिरायचं म्हटलं की प्रत्येक नवीन माणूस घाबरतं. तीही म्हणाली, काकू हे राहिले की! राहू दे म्हटलं. एक उचलून, ५ उलट, दोनाचा एक, एक उलट, परत फिर. आता दोन्ही बाजूंना ११-११ वाट बघत बसलेत आणि मधे एक फट दिसते, पुढच्या प्रत्येक सुईला त्या फटीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक असे दोन एकत्र विणायचे, पुढे एक, फिर. शेवटच्या दोन सुयांना तो पुढचा एक उरत नाही, तिथे नुसतं दोनाचा एक करून फिरायचं. ३२ चे १८ होतात आणि सपाट पट्टीची आपोआप वाटी होते. ती वाटी तिने अंगठ्यावर घालून बघितली, मग आजीला दाखवून आली, मग मोदकाचं सारण ढवळणाऱ्या आत्याला दाखवून आली.

त्यानंतर पट्टीच्या दोन्ही कडांवरून १६-१६ उचलले, एकूण ८२, आणि एक फेरा सोडून दोन-दोन कमी करत परत ६४. नऊ वेळा.

१८ सप्टेंबर

मोजे संपले, गेले पण. बोटांकडे टाके बंद करून शिवले तर तिथे काठ येतो आणि सेफ्टी शूजमध्ये तो काठ दिवसभर बोटाला घासतो, म्हणून दोन्ही सुयांवरचे टाके समोरासमोर ठेवून सुईदोऱ्याने जोडले. पुढच्या सुईवर सुलट घाल उतरव, उलट घाल ठेव, मागच्या सुईवर उलट घाल उतरव, सुलट घाल ठेव. पुतणीने ते पाठ केलंय आणि विसर्जनाला जाताना रस्त्याने म्हणत होती, लोकांना वाटलं असेल काहीतरी मंत्र आहे.

सुपरवॉश मुद्दाम. बोटीवर कपडे मशीनला आणि ड्रायरला जातात, तिथे कोणी हाताने कोमट पाण्यात धुणार नाही. साध्या लोकरीच्या केसावर खवले असतात, गरम पाणी, साबण आणि घुसळणं एकत्र आलं की ते खवले एकमेकांत अडकतात आणि मोजा आटून नमदा होतो. सुपरवॉशमध्ये ते खवले क्लोरीनने बोथट करून वर राळेचा पातळ थर देतात. तोटा असा की ती ओली झाली की सैल पडते, म्हणून वीण घट्टच ठेवायची.

भाच्याचा मेसेज : मामी, हे पायात घालायचे का फ्रेम करायचे. घालायचे रे बाबा, आणि भोक पडलं तर फेकू नकोस, ठेव, उरलेली लोकर आहे माझ्याकडे.

२० ऑक्टोबर

उकाडा नको नको झालाय. लोकरीला हात लावत नाही. सुती कार्डिगन संपलं, माझं स्वतःचं, बँकेतल्या एसीसाठी, कारण ऑक्टोबरात रत्नागिरीत थंडी फक्त बँकेत आणि रेल्वेच्या थ्री टायरात असते. सुताबद्दल एवढंच, त्याला स्वतःचा ताण नसतो, बॉर्डर आठवड्यात लोळते, म्हणून बॉर्डर दोन नंबर बारीक सुयांवर आणि आतून बारीक इलॅस्टिक. आणि खांदे शिवून घेतले, तिथे शिवण हवीच, सगळं वजन तिच्यावर लटकतं.

२४ नोव्हेंबर

मोठं काम. अण्णांचा स्वेटर, ऑक्टोबर अखेरीला टाके घातले, अंग काखेपर्यंत झालंय.

अण्णा (सासरे) अजून रोज बागेत जातात. डिसेंबर-जानेवारीत मोहोर आला की पहाटे फवारणीला गडी येतात तेव्हा हे उभे. जुना स्वेटर बाजारचा, त्याची मनगटं औषधाने आणि डहाळ्यांत अडकून चिंध्या झाली, बाकी अंग नव्यासारखं आणि तरी टाकून द्यावा लागला. म्हणून यावेळी गान्सी पद्धतीने विणतेय. इंग्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा स्वेटर तो, त्यांची पद्धत अशी की अंग खालून वर गोल, शिवणीशिवाय, पुढचा आणि मागचा भाग सारखाच म्हणजे कोपर-पोट झिजलं की उलटसुलट करून घालता येतो, आणि बाही खांद्यावर टाके उचलून वरून खाली मनगटाकडे. आपण इथे बहुतेक मनगटापासून सुरू करून वर जातो, आणि मग मनगट फाटलं की काही करता येत नाही कारण घातलेल्या काठाकडून वीण सरळ उसवत नाही. वरून खाली विणली की मनगट शेवटी येतं, झिजलं की तेवढंच उसवायचं, टाके सुईवर घ्यायचे, नवं मनगट विणायचं. आमच्या मिरकरवाड्याच्या खलाशांना स्वेटरची गरज नाही पण अण्णांच्या बागेला ही युक्ती तंतोतंत लागू पडते.

हिशोब : छाती ४०, सैल ४२ इंच. आठ नंबरच्या सुईवर १० सेंटिमीटरला २२ टाके, म्हणून अंगाला २३६. बॉर्डर दहा नंबरवर २१२ टाक्यांची, दोन सुलट दोन उलट, नंतर एका फेऱ्यात २४ वाढवले. लोकर खरी, लुधियानाची, राखाडी, ६०० ग्रॅम घेतली आणि सगळ्या गुंड्यांच्या लेबलवर लॉट नंबर एकच आहे ना ते बघून घेतली. राखाडीत लॉट बदलला तर दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही, अंगणात उन्हात आणला की छातीवर पट्टा दिसतो.

काखेत चौकोनी कळी आहे, ती या स्वेटरची खरी मजा. काखेच्या साधारण ४ इंच खाली दोन्ही बगलेला एकेक टाका धरून त्याच्या दोन्ही बाजूंना दर चौथ्या फेऱ्याला वाढवत १७ पर्यंत नेले, ते दोऱ्यावर काढून ठेवले, पुढे बाही विणताना त्याच क्रमाने कमी करत परत एकावर आणायचे. तिरकी उभी राहिलेली पतंगासारखी कळी तयार होते. हात वर करून फांदी ओढली तरी खालून स्वेटर वर चढत नाही. आपल्या सदऱ्याच्या बगलेत आईंच्या पिढीतले शिंपी कळी लावायचे ना, तेच काम.

२२ डिसेंबर

विणून झाला. खांदे तीन सुयांनी आतून जोडले. मनगटाची बॉर्डर लांब ठेवलीय, ४ इंच, दुमडून घालता येईल.

आता धुणं, आणि यासाठीच मी डिसेंबरपर्यंत थांबले होते. टबात साधं पाणी, दोन थेंब शाम्पू, अर्धा तास नुसतं बुडवून, चोळायचं-पिळायचं नाही. उचलताना खालून दोन्ही हातांनी, बाळाला न्हाणीतून उचलतात तसं. मग दोन मोठ्या टॉवेलांत गुंडाळी करून वर उभं राहिले, एक टॉवेल पार ओला झाला. मग गच्चीवर जुन्या खाटेवर मच्छरदाणी, त्यावर स्वेटर माप लावून पसरला, कडांना स्टेनलेस टाचण्या, साध्या टाचण्या रात्रभरात गंजतात.

आणि पसरला रात्री नऊला, सकाळी नाही. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, त्यात कपडा वाळतो पण चिकट होतो, हात लावला की मीठ जाणवतं, आणि मीठ राहिलं की ते परत हवेतली ओल ओढतं. रात्री वारा फिरतो, जमिनीकडून समुद्राकडे मतलई सुटतात, या दिवसांत ते कोरडे आणि गार असतात. पहाटे दव पडायच्या आत, तीनला उठून स्वेटर पडवीत आणला (नवऱ्याने आणला, मी फक्त उठवलं). दुसऱ्या रात्री परत. दोन रात्रींत खडखडीत.

५ जानेवारी २०२५

संपला. अण्णांनी आधी म्हटलं, हे घालून बागेत गेलो तर वानर ओळखायचे नाहीत मला. मग घातला, हात वर केला, खाली केला, परत वर केला, बगलेत चाचपून बघितलं, आणि काही न बोलता तसेच चहाला बसले. आई म्हणाल्या, घरात कशाला, उकडेल. उकडलं नाही म्हणे.

१५ जानेवारी

काल संक्रांतीला तिळगूळ द्यायला शेजारच्या आल्या होत्या, त्यांच्या सासूंचे रात्री लादीवर पाय गार पडतात म्हणून मोजे हवेत, सासूंचं वय ८० च्या पुढे. उरलेल्या निळ्या लोकरीत होणार नाहीत, जाड लोकरीचे करीन, पण तळव्याला सिलिकॉनचे ठिपके दिल्याशिवाय देणार नाही, गुळगुळीत लादीवर लोकरीचा मोजा म्हणजे म्हाताऱ्या माणसाला हाडं मोडायचं आमंत्रण. कडेची इलॅस्टिक पण नको, सूज असते पायांना, वरची बॉर्डर सैल बंद केली की पुरतं.

९ फेब्रुवारी

शेजारच्या आजींचे मोजे संपले, दिले. त्या दिवसा घालून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तळवा वर करून ठिपके दाखवतात.

१६ मार्च

शिमगा झाला, पालखी नाचवून अण्णांचे खांदे दुखतायत. हापूसच्या पहिल्या पेट्या निघाल्या, स्वेटरचं काम संपलं.

ठेवण्याआधी धुतला. हे महत्त्वाचं, कसर लागते ती लोकरीपेक्षा लोकरीतल्या घामाला आणि तेलकटपणाला आधी लागते, धुतलेल्या लोकरीकडे ती कमी फिरकते. भोकं पाडते ती अळी, उडणारा बारीक पतंग नव्हे, त्यामुळे कपाटात पतंग मारून समाधान मानण्यात अर्थ नाही, तोपर्यंत अंडी घालून झालेली असतात. डांबराच्या गोळ्या मी ठेवत नाही, तो वास पुढच्या डिसेंबरपर्यंत अंगाला येतो. त्याऐवजी पूर्ण वाळलेला स्वेटर दोन झिपच्या पिशव्यांत हवा काढून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये. दोन पिशव्या अशासाठी की त्याच कप्प्यात सुरमई आहे. फ्रीझरमधून काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, बाहेर बाष्प धरतं ते पिशवीवर धरू दे, स्वेटरवर नको.

उजव्या मनगटाची बॉर्डर एका जागी विरलीय, तुडतुड्याची फवारणी आणि बाभळीचा काटा, दोन्ही. राखाडी लोकर ७० ग्रॅम उरलीय, आज कोरड्या दिवशी वजन केलं, दोन्ही मनगटांना मिळून ४० पुरतील. लॉट नंबरचं लेबल त्याच पिशवीत टाकलंय. नोव्हेंबरला उसवायचं.